विश्लेषण : एका कार्डासाठी २० लाख डॉलर! सेलिब्रिटींमुळे ‘मॅजिक’, ‘पोकेमॉन’चे खेळाडू वाढतात की फक्त भाव?

अमेरिकी गायक पोस्ट मलोन याने ऑगस्ट २०२३ मध्ये एक कार्ड विकत घेतले. खेळायचे कार्ड, तळहाताएवढे. त्यासाठी त्याने सुमारे २० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास साडेसोळा कोटी रुपये मोजल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळातील ‘द वन रिंग’ या कार्डाची ही विशेष प्रत जगात एकच आहे. कंपनीने ती मुद्दाम एकच छापली आणि दुकानांत जाणाऱ्या पाकिटांपैकी एकात टाकून दिली. कॅनडातील एका खेळाडूच्या हाती ती लागली आणि पुढे मलोनकडे गेली.

या बातमीने ‘मॅजिक’चे नाव अशा लाखो लोकांपर्यंत पोहोचवले, ज्यांनी हा खेळ कधी पाहिलाही नव्हता. पण त्यातल्या किती जणांना तो कसा खेळतात हे कळले? कार्डांच्या खेळांना गेली पाच-सहा वर्षे सेलिब्रिटींचे जे वलय लाभले आहे, त्यातला खरा पेच इथेच आहे.

हा खेळ आहे तरी काय?

नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे खेळलेल्यांना अर्धी गोष्ट आधीच ठाऊक आहे. कार्डावर चित्र, खाली आकडे आणि समोरच्याच्या कार्डावर मात. फरक एवढाच, की ट्रम्प कार्डांचा कॅट दोघांसाठी एकच असतो. ‘मॅजिक’ किंवा ‘पोकेमॉन’मध्ये मात्र प्रत्येक जण हजारो कार्डांमधून निवडून स्वतःचा डेक बांधून आणतो. निम्मा खेळ टेबलावर बसण्याआधीच झालेला असतो.

गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला ‘मॅजिक’ १९९३ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने बाजारात आणला. १९९९ पासून ही कंपनी ‘हॅस्ब्रो’ या खेळणी उत्पादकाच्या मालकीची आहे. ‘पोकेमॉन’ची कार्डे १९९६ मध्ये जपानमध्ये आली. दोन्ही खेळांच्या जागतिक स्पर्धा होतात, त्यासाठी तासन्‌तास सराव करणारे लोक आहेत, आणि ‘पोकेमॉन’मध्ये तर लहान मुलांसाठी वेगळा वयोगट आहे.

कार्डे मिळतात ती बंद पाकिटातून, ज्याला ‘बूस्टर पॅक’ म्हणतात. आत काय आहे, हे फोडल्याशिवाय कळत नाही. चिप्सच्या पाकिटातल्या टाझोसारखेच, फक्त इथे चिप्स नसतात. समजा, एखादे दुर्मीळ कार्ड सरासरी १०० पाकिटांत एकदा निघते. मग १०० पाकिटे घेतली की ते मिळणारच, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात १०० पाकिटे फोडूनही ते न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. सेलिब्रिटींच्या व्हिडीओंची सगळी गंमत या न मिळण्याच्या धाकधुकीवर उभी आहे.

खेळणारा सेलिब्रिटी, फोडणारा सेलिब्रिटी

पोस्ट मलोन हा खरोखर खेळणारा माणूस आहे. चार जणांनी मिळून खेळायचा ‘कमांडर’ हा ‘मॅजिक’चा प्रकार तो आवडीने खेळतो आणि या खेळाच्या यूट्यूब कार्यक्रमातही त्याने डाव मांडला आहे. २०२२ मध्ये कंपनीने त्याच्या नावाने कार्डांचा खास संच काढला. त्याच वर्षी त्याने एका चाहत्याला आपल्याशी ‘मॅजिक’ खेळून एक लाख डॉलर जिंकण्याची संधी देऊ केली. अशा माणसाने खेळाची शिफारस केली तर तिला वजन असते. तो डावाबद्दल बोलतो तेव्हा हरल्याचेही सांगतो.

लोगन पॉलची वाट वेगळी. या यूट्यूबरने ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे दोन लाख डॉलरचा ‘पोकेमॉन’च्या पहिल्या आवृत्तीचा बंद खोका थेट प्रक्षेपणात फोडला. त्याच महिन्यात रॅपर लॉजिकने ‘चारिझार्ड’चे एक कार्ड २ लाख २० हजार डॉलरला घेतले. पॉलने पुढे ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ हे कार्ड मिळवले. १९९७-९८ मध्ये जपानी मासिकाच्या चित्रकला स्पर्धेतील विजेत्या मुलांना बक्षीस म्हणून दिलेल्या या कार्डाच्या मोजक्याच प्रती आहेत. पॉलने त्यासाठी ५२ लाख ७५ हजार डॉलरचा व्यवहार केला. एप्रिल २०२२ मध्ये तो ‘रेसलमेनिया’च्या रिंगणात उतरला तेव्हा हे कार्ड त्याच्या गळ्यात लटकत होते आणि गिनेसने त्या व्यवहाराला विक्रमाचे प्रमाणपत्रही दिले.

या सगळ्यात ‘पोकेमॉन’चा डाव कुठेच नव्हता. ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ तर स्पर्धेत खेळण्यासाठी छापलेलेच नाही. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये पॉलने ३५ लाख डॉलरला घेतलेली ‘पोकेमॉन’ची पेटी उघडली, तेव्हा आत निघाली ती ‘जी. आय. जो’ची कार्डे! पेटी बनावट होती. फसवणुकीचा तो व्हिडीओही प्रचंड गाजला, म्हणजे कार्डांची चर्चा आणखी वाढलीच.

खुद्द ‘पोकेमॉन’ कंपनीने २५व्या वर्धापनदिनानिमित्त २०२१ मध्ये पोस्ट मलोनची ऑनलाइन मैफल ठेवली आणि केटी पेरीकडून गाणे करून घेतले. ती मात्र सरळ ब्रँडची जाहिरात होती.

चर्चा झाली की भाव कसा वाढतो?

साध्या वस्तूची मागणी वाढली की कारखाना उत्पादन वाढवतो. जुन्या कार्डांचे तसे नाही. ‘मॅजिक’च्या कंपनीने १९९६ मध्येच काही जुनी कार्डे पुन्हा कधीही छापणार नाही, असे वचन संग्राहकांना दिले. ‘ब्लॅक लोटस’ हे त्यातले सर्वात प्रसिद्ध. पुरवठा कायमचा गोठलेला, त्यात कोणी लोकप्रिय गायक येऊन आठ लाख डॉलरला एक ‘ब्लॅक लोटस’ घेतल्याचे सांगतो (पोस्ट मलोनने तसे सांगितले आहे), तेव्हा वाढायला भावाशिवाय दुसरे काही उरतच नाही.

दुसरा भाग ‘ग्रेडिंग’चा. कार्डाचे कोपरे, कडा, छपाई तपासून त्याला १ ते १० असे गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. गुण मिळालेले कार्ड कडक प्लास्टिकच्या कवचात बंद होते. ते पुन्हा डेकमध्ये जात नाही. २०२०च्या लाटेनंतर एवढी कार्डे तपासणीला आली, की ‘पीएसए’ या आघाडीच्या कंपनीला मार्च २०२१ मध्ये आपल्या बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या. टाळेबंदीत घरी बसलेली माणसे, हातात आलेला पैसा आणि माळ्यावर सापडलेले जुने डबे, हेही या लाटेचे कारण होते. सगळे श्रेय किंवा दोष सेलिब्रिटींच्या पदरात टाकता येणार नाही. पण ‘माळ्यावर बघ, लाखाचे कार्ड असेल’ हे घराघरांत पोहोचवले ते त्यांच्याच व्हिडीओंनी.

मुलांच्या वाट्याला काय आले?

मे २०२१ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ‘टार्गेट’ या साखळी दुकानाच्या वाहनतळावर कार्डांवरून हाणामारी झाली आणि एकाने पिस्तूल बाहेर काढले. ती कार्डे क्रीडापटूंची होती, पण लाट एकच. पाठोपाठ ‘टार्गेट’ने दुकानांतून क्रीडापटूंच्या आणि ‘पोकेमॉन’च्या कार्डांची विक्री थांबवली. पाकीट घ्यायला आलेल्या मुलासमोर रिकामी फळी आणि तेच पाकीट ऑनलाइन दुप्पट भावात, अशी अवस्था झाली.

‘पोकेमॉन’ कंपनीने छपाई वाढवली. मार्च २०२४ ला संपलेल्या एका वर्षात तब्बल ११.९ अब्ज कार्डे छापली गेली. तरीही प्रश्न सुटला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमधील मॅकडोनाल्ड्सने लहान मुलांच्या ‘हॅपी सेट’सोबत ‘पोकेमॉन’ कार्डे दिली. तीन दिवसांसाठी आखलेल्या योजनेतील कार्डे अनेक ठिकाणी पहिल्याच दिवशी संपली. पुनर्विक्री करणाऱ्यांनी ढिगाने खोके घेतले, कार्डे काढली आणि खाणे तसेच टाकून दिले. कंपनीला माफी मागावी लागली. या योजनेत कोणी सेलिब्रिटी नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कार्ड म्हणजे पैसा, हे एकदा लोकांच्या मनात बसले की पुढे कोणाच्या चेहऱ्याची गरजच उरत नाही.

खेळाडूंनाच स्टार केले तर?

हा प्रयोगही झाला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ‘विझर्ड्स’ने ‘मॅजिक प्रो लीग’ जाहीर केली. ३२ अव्वल खेळाडूंना प्रत्येकी ७५ हजार डॉलरचा करार मिळाला आणि २०१९च्या ई-स्पोर्ट्स कार्यक्रमासाठी एक कोटी डॉलर बाजूला ठेवले गेले. मार्च २०१९ मध्ये बोस्टन येथील दहा लाख डॉलरच्या स्पर्धेत या व्यावसायिकांसमोर लोकप्रिय स्ट्रीमरही बसवले. कल्पना चांगली होती, चेहरा खेळातूनच आलेला. पण मे २०२१ मध्ये कंपनीने ही लीग गुंडाळत असल्याचे सांगितले.

अडचण खेळातच आहे. क्रिकेट न कळणाऱ्यालाही षटकार कळतो. ‘मॅजिक’मधली उत्तम चाल मात्र दोन्ही डेक, हातातली कार्डे आणि पुढचे तीन डाव डोक्यात असल्याशिवाय दिसत नाही. तीस सेकंदांच्या रीलमध्ये ती मावत नाही. पाकीट फोडून किंचाळणे मावते. म्हणून सेलिब्रिटी कितीही मनापासून खेळत असला, तरी त्याच्याकडून लोकांपर्यंत पोहोचते ती किंमत. ‘मॅजिक’चा विश्वविजेता ठरलेला स्पेनचा हावियर डोमिंगेझ याचे रूप एका कार्डावर छापले आहे, पण पोस्ट मलोनचे नाव ऐकलेल्यांपैकी फार थोड्यांना ते माहीत असेल.

कंपनीला मात्र चेहऱ्यांचा पर्याय सापडलेला दिसतो. जून २०२५ मध्ये ‘फायनल फँटसी’ या व्हिडीओ गेममधील पात्रांवर आधारलेल्या ‘मॅजिक’ संचाने एकाच दिवसात २० कोटी डॉलरचा व्यवसाय केल्याचे हॅस्ब्रोने सांगितले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या संचाला तेवढ्यासाठी सहा महिने लागले होते. पात्रे मानधन वाढवून मागत नाहीत आणि वादातही सापडत नाहीत. त्यांच्या ओढीने आलेल्या माणसाच्या हातात निदान खेळता येणारी कार्डे पडतात, ही त्यातली जमेची बाजू.

भारतात याचा काय संबंध?

मराठी वाचकाला पत्ते आणि सेलिब्रिटी म्हटले की आठवतात त्या रमी आणि फँटसी ॲपच्या जाहिराती. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडू यांनी ऑनलाइन गेमिंगच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्यातील घराबाहेर आंदोलन केले होते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्याने बाजूला ठेवला. या कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे.

‘पोकेमॉन’ किंवा ‘मॅजिक’ला रमीच्या पंक्तीत बसवणे चुकीचे ठरेल. कायद्याची व्याख्या पैसे भरून पैसे जिंकण्याच्या अपेक्षेभोवती फिरते. दुकानातून कार्डांचे पाकीट घेणे त्यात येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ या मोबाइल गेममध्येही पाकिटे फोडता येतात, हवे तर पैसे देऊन जास्त फोडता येतात, पण निघालेल्या कार्डांचे गेममध्ये पैसे होत नाहीत.

तरीही मुलाने मोबाइलवर ‘पॅक ओपनिंग’चा व्हिडीओ पाहून पाकिटांचा हट्ट धरला, तर पालकांना एक गोष्ट ठाऊक असावी. भारतात पैसे, मोफत वस्तू किंवा अन्य लाभ घेऊन एखाद्या उत्पादनाची शिफारस करणाऱ्याला ते उघडपणे सांगावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्या व्यक्तीलाही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १० लाख रुपयांपर्यंत, आणि चूक पुन्हा झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे नियम उत्पादक किंवा विक्रेता आणि शिफारस करणारा यांच्यातील नात्याचे आहेत. स्वतःच्या कपाटात कोट्यवधींची कार्डे ठेवून त्याच कार्डांचे गुणगान करणाऱ्याला कोणतीही कंपनी पैसे देत नसते. भाव वाढला की फायदा त्याचा होतो, आणि व्हिडीओखाली ‘जाहिरात’ असा शब्द कुठेही दिसत नाही.