शिबिराआधी दवाखान्याचा रस्ता पाहा

परीक्षा आटोपल्या, निकाल हाती आले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांतली स्काउट-गाइड पथके शिबिराच्या तयारीला लागतात. आठवडाभरासाठी रान, डोंगर आणि मोकळे आकाश हवे असेल तर शहापूर आणि मुरबाड हे तालुके सर्वांत जवळचे. आसनगावचा माहुली किल्ला, खर्डी-कसाऱ्याकडचे जंगल, डोळखांब, टोकावडे, माळशेजचा पायथा हे सारे दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे. घरोघरी याद्या येतात: टॉर्च, शिट्टी, दोरी, ताट-वाटी, दोन गणवेश, स्कार्फ, चादर. पालक त्या मनापासून पुऱ्या करतात. बहुतेक घरांत तयारी तिथेच संपते.

वास्तविक मुलाच्या जिवाशी ज्यांचा संबंध आहे अशा गोष्टी या पिशवीत मावत नाहीत. मूल रात्री कशावर झोपणार, दुपारी किती वेळ उन्हात राहणार, पाणी कुठले पिणार आणि मध्यरात्री काही झाले तर किती वेळात कोणत्या दवाखान्यात पोहोचणार, या चार प्रश्नांची उत्तरे शिबिराच्या आधी मिळायला हवीत. ती विचारण्याचा संकोच पालकांनी करू नये आणि संयोजकांनीही त्यात अविश्वास पाहू नये. 1907 साली ब्राउनसी बेटावर पहिले शिबीर भरवणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी चळवळीला 'तयार राहा' हे ब्रीद दिले. काय अपघात होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचे याचा विचार आधीच करून ठेवणे, हाच त्यांनी सांगितलेला त्याचा अर्थ होता.

जमिनीवरची रात्र

पहिला प्रश्न झोपण्याचा. 'शिबीर म्हणजे जमिनीवर झोपणे आलेच, मुले जरा कणखर होऊ देत,' असे अनेकांना वाटते. कष्टाने मूल कणखर होते हे खरेच. पण मण्यारीच्या विषापुढे कणखरपणा चालत नाही. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि कूस बदलताना दाबली गेली की चावते. तिचे दात इतके बारीक असतात की अनेकदा दंश जाणवत नाही, सूज येत नाही, खूणही सापडत नाही. पावसाळ्यात हे दंश वाढतात, पण वळवाच्या सरी पडून गेल्यावर मे महिन्यातही गाफील राहून चालत नाही.

शिबिरात या दंशाची लक्षणे हमखास फसवतात. पहाटे मुलाच्या पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो. रात्रीच्या जेवणावर संशय जातो, ॲसिडिटीची गोळी दिली जाते आणि 'झोप जरा' असे सांगितले जाते. तासा-दोन तासांत पापण्या जड होऊन खाली येतात, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदलतो आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून रानातल्या शिबिराचा साधा नियम असावा: रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला पहाटे पोटदुखी आणि उलटी झाली, तर ते सर्पदंश नाही असे ठरेपर्यंत त्याला सर्पदंशच समजावे. पापण्या पडत असतील तर एक मिनिटही थांबू नये.

प्रतिबंध मात्र स्वस्त आहे. खाट असेल तर उत्तम. नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. नेपाळच्या आग्नेय भागातला 2007 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून लक्षणीय संरक्षण मिळते. डासांसाठी घेतलेली वस्तू अशी दुहेरी कामाला येते. खरकटे आणि धान्य तंबूपासून दूर ठेवावे, कारण त्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. रात्री लघवीला जाताना टॉर्च, बूट आणि काठी घेऊन, जोडीने जावे. सकाळी बूट झटकून मगच पाय घालावा.

बूट झटकायचे ते सापापेक्षा विंचवासाठी. कोकणपट्टीतला लाल विंचू उन्हाळ्यात जास्त आढळतो आणि लहान मुलांच्या हृदयावर त्याच्या विषाचा घातक परिणाम होऊ शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने असे रुग्ण वाचवता येतात हे दाखवून दिले. 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी मांडलेली निरीक्षणे आज जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहेत. दंशाच्या जागी आग होणे हे तितके गंभीर लक्षण नव्हे. मूल घामाने डबडबले, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर धोका आहे. अशा वेळी बर्फ आणि झाडपाल्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

स्कार्फ आणि काठीचा खरा उपयोग

सर्पदंशावरच्या प्रथमोपचारात स्काउटचे साहित्य उपयोगी पडते, पण बहुतेकांना वाटते त्या रीतीने नव्हे. घट्ट गाठ बांधून रक्त अडवायचे नाही. तसे केल्याने हात किंवा पाय काळा पडू शकतो आणि बंध सोडल्यावर विष एकदम पसरू शकते. जखम चिरू नये, चोखू नये, चोळू नये. मुलाला धीर द्यावा, चालू देऊ नये. काठीचा आधार देऊन स्कार्फने पाय सैलसर बांधावा, म्हणजे हाड मोडल्यावर देतात तसा आधार द्यावा. हाताला चावले असेल तर स्कार्फची झोळी करावी. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप ओळखता आला नाही म्हणून उपचार अडत नाहीत.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत असावी. मूल लहान म्हणून प्रतिविषाच्या कुप्या कमी लागत नाहीत. सापाने टोचलेले विष मोठ्या माणसाइतकेच असते, तेव्हा मात्राही तितकीच, बहुधा सुरुवातीलाच दहाच्या आसपास कुप्या. म्हणून 'तिथे लस आहे का' इतकेच विचारून भागत नाही. 'किती आहे' आणि 'श्वास बंद पडू लागला तर कृत्रिम श्वास देण्याची सोय आहे का' हेही विचारावे लागते.

हे प्रश्न शिबिराच्या आठवडाभर आधी विचारायचे असतात. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, पुढच्या उपचारांसाठी उल्हासनगर, कळवा आणि ठाणे. संयोजकांपैकी एकाने शिबिराच्या जागेपासून तिथपर्यंत एकदा रात्री गाडी नेऊन पाहावी आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. घाटाच्या पायथ्याशी अनेक जागी मोबाइलला रेंज नसते. 108 ला फोन नेमका कुठून लागतो हे आधी शोधावे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे नसेल तर एक वाहन आणि चालक रात्रंदिवस शिबिरातच हवा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला 'अमुक तारखेपासून इतकी मुले इथे आहेत' असे लेखी कळवायला एक कागद लागतो. तो क्वचितच पाठवला जातो.

आठवडा अपुरा पडतो

दुसरा प्रश्न उन्हाचा. शहापूर-मुरबाडच्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि हवेत दमटपणा असला की घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जणांचे प्राण गेले, ते भर मैदानात तासन् तास उन्हात बसल्यामुळे. तिथे कोणी डोंगर चढत नव्हते.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे पंख्याखाली किंवा एसीत सुट्टी घालवणारे मूल शिबिरात पोहोचले, की त्याचे शरीर सरावेपर्यंत शिबीर संपलेले असते! खरी तयारी त्यामुळे दोन आठवडे आधी सुरू व्हायला हवी. रोज तासभर उघड्यावर खेळणे, चालणे, हळूहळू वेळ वाढवणे हे कुठल्याही घरी जमण्यासारखे आहे. शिबिरात चढाई आणि कवायत सकाळी दहाच्या आत संपवावी. दुपारी गाठी, नकाशे, प्रथमोपचार यांचे वर्ग सावलीत घ्यावेत. उन्हात मूल बरळू लागले, तोल जाऊ लागला, अंग भाजत असले तर आधी तिथेच सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, आणि थंड करता करताच दवाखान्याकडे निघावे. शुद्ध हरपत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

धरणाच्या तालुक्यातले पाणी

तिसरा प्रश्न पाण्याचा. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत; तानसाचे पाणी तर 1892 पासून मुंबईला जाते. त्याच तालुक्यातले कित्येक पाडे मे महिन्यात टँकरकडे डोळे लावून असतात. शिबिराचे पाणीही बहुधा टँकरचे किंवा आटत चाललेल्या विहिरीचे असते. ते उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध बाटलीवरच्या मापाने घालून अर्धा तास थांबावे. 'पाणी स्वच्छ दिसते' हा पुरावा नव्हे. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायचे असते. अर्धे पाकीट पेल्यात टाकले की मिठाचे प्रमाण बिघडते.

जलाशयात पोहणे तर नकोच, मूल कितीही पटाईत असले तरी. तरणतलावात शिकलेल्याला गाळ आणि अचानक वाढणारी खोली यांचा अंदाज नसतो. रानातल्या बियांबाबतही बजावावे: करवंदे, जांभळे खुशाल खावीत, पण कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात आणि मुलांना उलट्या-जुलाबांनी हैराण करतात.

यादीतला अखेरचा कागद वैद्यकीय दाखल्याचा. तो बरेचदा मुलाला न तपासता, शिक्क्यापुरता घेतला जातो. मूल नाकारले जाईल या भीतीने पालक दमा, फिट, मधुमेह लपवतात. सिकलसेल असलेल्या मुलाला उन्हात पाणी कमी पडले की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो, हे शिबिरप्रमुखाला ठाऊक नसेल तर तो त्याला कामचुकार ठरवेल. आजार सांगितल्याने मूल मागे राहता कामा नये, अशी हमी संयोजकांनीच द्यावी. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली आहे का, हेही याच वेळी पाहावे.

शेजारच्या पाड्यावरची मुले

इतके सगळे वाचून काही पालक म्हणतील, 'मग पाठवायलाच नको.' ते चुकीचे ठरेल. मुलांनी रानात जावे, घाम गाळावा, अंधाराला सरावावे. पण या काळजीचा एक अर्थ आपण टाळत आलो आहोत. ज्या सात रात्रींसाठी शहरातले पालक खाट आणि मच्छरदाणी मागतील, तशा रात्री ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी समाजातली मुले इथे वर्षभर काढतात. आश्रमशाळांतही अनेक ठिकाणी मुले जमिनीवर गादी टाकून झोपतात. साप तोच, विंचू तोच. फरक इतकाच, की शिबिराच्या दाराशी गाडी उभी असते आणि पाड्यावरून रुग्णाला आधी झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते.

देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसे दगावली असा अंदाज आहे; त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये जाहीर केला. तो दिल्लीच्या कागदावरून डोळखांब-टोकावड्यापर्यंत यायचा असेल, तर सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी होऊ शकते. प्रत्येक आश्रमशाळेत प्रत्येक मुलाला खाट आणि मच्छरदाणी हवी. कोणत्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, हे जिल्हा आरोग्य विभागाने उन्हाळा लागताच जाहीर करावे. आणि शिबिराला परवानगी देताना आरोग्य केंद्राला कळवल्याची पोच मागावी. बाहेरून आलेल्या शंभर मुलांसाठी वाढवलेला औषधसाठा शिबीर उठल्यावर गावाच्याच कामी येईल.

स्काउट-गाइडच्या अभ्यासक्रमात प्रथमोपचार आहेच आणि सेवाही आहे. शिबिरातली एक संध्याकाळ शेजारच्या आश्रमशाळेत घालवता येईल. शहरातल्या मुलांनी स्कार्फ-काठीचा आधार कसा बांधायचा ते दाखवावे. पाड्यावरच्या मुलांनी साप कुठे असतो, विंचू कोणत्या दगडाखाली सापडतो ते दाखवावे. त्यांना ते पुस्तकापेक्षा चांगले ठाऊक असते. निघताना तिथल्या मच्छरदाण्या मोजाव्यात, आणि त्या कमी भरल्या तर तो आकडा शिबिराच्या अहवालात लिहून प्रकल्प कार्यालयाला पाठवावा.