एकाचें छत्र

ज्या घरांतील मुलें विद्याभ्यासासाठीं अमेरिकेंत आहेत, त्या घरांत 'हाइझ्मन' हें नांव एव्हांना येऊन पोंचलें असेल. न पोंचलेल्यांसाठीं दोन शब्द सांगतों. त्या देशांत विद्यापीठांमध्यें फुटबॉलचे सामने होतात, आणि हंगामांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूस डिसेंबर महिन्यांत न्यूयॉर्क येथें या नांवाचें पारितोषिक देतात. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. दोन्हीं टोकांस निमुळता असा लांबोळा चेंडू उराशीं धरून किंवा पुढें फेंकून प्रतिपक्षाची फळी भेदावयाची, असा तो दांडगा प्रकार आहे; त्याचें नातें हुतूतूशीं अधिक जवळचें. पारितोषिक म्हणजे एक धातूचा पुतळा. एका हातीं चेंडू, आणि दुसऱ्या हातानें अंगावर येणाऱ्यास दूर लोटण्याचा आविर्भाव.

या पुतळ्याचा मानकरी कोण, याकडे एके काळीं तिकडील लोक डोळे लावून बसत. आतां नांव जाहीर झालें काय आणि न झालें काय, अशी उदासीनता तेथील प्रेक्षकच बोलून दाखवितात. पैसा शिरला म्हणून रस गेला, असें उत्तर लगेच मिळतें. तें फार सोपें आहे. म्हणूनच आम्हांस तें जरा तपासून पाहावेंसें वाटतें.

१९३५ सालीं न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ॲथ्लेटिक क्लबानें हें पारितोषिक सुरू केलें. क्लबाच्या क्रीडाविभागाचे प्रमुख जॉन हाइझ्मन हे या खेळाचे नांवाजलेले शिक्षक. चेंडू पुढें फेंकण्यास १९०६ सालीं नियमानें मुभा मिळाली, तिच्यासाठीं झगडणाऱ्यांत ते होते. अकरा जणांच्या खेळांत एकासच गौरवावें, ही कल्पना त्यांस प्रथम रुचली नव्हती, असें सांगतात. १९३६ च्या ऑक्टोबरांत ते वारले, आणि ज्या गोष्टीस त्यांनीं नाक मुरडलें तिलाच क्लबानें त्यांचें नांव दिलें!

हाइझ्मन यांच्या शंकेचें समाधान आमच्या शास्त्रकारांपाशीं होतें. संस्कृतांत छत्रिन्याय म्हणून एक न्याय आहे. रस्त्यानें मंडळी चालली आहे, छत्र्या दोघाचौघांच्याच हातीं आहेत. तरी पाहणारा म्हणतो, 'हे छत्रीवाले चालले.' ज्याचे हात रिकामे त्यासही तें नांव लागतें, कारण तो त्या मेळ्यांतला असतो. हें पारितोषिकही असेंच होतें. पुतळा एकाच्या हातीं येई. पण तो मुलगा तीन-चार वर्षें त्याच विद्यापीठांत वाढलेला, त्याच गांवच्या रस्त्यांवरून हिंडलेला असे. त्यामुळें त्याचे सोबती, त्याचे गुरुजन, इतकेंच काय, त्या गांवचा खाणावळवालासुद्धां 'यंदा आपल्याला मिळालें' असें म्हणूं शके.

ह्या आपलेपणावर तें पारितोषिक तगलें. एरवीं निवडींत दोष कांहीं थोडे नव्हते. १९५६ सालीं तें नोत्र दाम विद्यापीठाच्या पॉल हॉर्नंग यास मिळालें, आणि त्या वर्षीं त्याचा संघ दहांपैकीं आठ सामने हरला होता! त्याच विद्यापीठाच्या जो थीसमन याच्या आडनांवाचा उच्चार प्रसिद्धिखात्यानें 'थाइझ्मन' असा करून टाकला. हेतु हा कीं, हाइझ्मनशीं यमक जुळावें. १९७० सालीं तो दुसरा आला. यमकासाठीं अर्थाचा बळी देणारे कवि आम्हीं पुष्कळ पाहिले. आडनांवाचा बळी देणारें विद्यापीठ हें एकच. पुढें २००१ सालीं ऑरेगन विद्यापीठानें आपल्या खेळाडूचें दहा मजली उंचीचें चित्र न्यूयॉर्कच्या भर चौकांत लाविलें. तो चौथा आला.

आणखी एक गोष्ट. ज्याच्या हातून प्रत्येक डाव सुरू होतो, त्या खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात. २००० पासून २०२५ पर्यंतच्या सव्वीस विजेत्यांपैकीं एकवीस क्वार्टरबॅक आहेत. त्याच्यापुढें पांच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहून त्याचें रक्षण करतात. त्यांपैकीं एकासही हा पुतळा आजवर मिळालेला नाहीं. एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांस ह्याचें नवल वाटावयाचें कारण नाहीं. चुलीपाशीं घाम गाळणाऱ्या काकूंचें नांव पंगतींत कोण घेतो? वाहवा होते ती आग्रहानें वाढणाऱ्याची. तरी घर एक होतें तोंवर काकूंनाही त्या वाहव्याचा वांटा पोंचत असे.

आतां घरच एक राहिलेलें नाहीं. पूर्वीं विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूस सामान्यतः एक वर्ष सामन्यांबाहेर बसावें लागे. २०२१ सालीं पहिल्या बदलापुरती ही अट गेली, आणि २०२४ सालीं पुढच्या बदलांवरचीही उठली. २०१७ पासून २०२५ पर्यंतच्या नऊ विजेत्यांत सात जण असे आहेत कीं, ज्यांनीं आरंभ एका विद्यापीठांत केला आणि पुतळा दुसऱ्याच्या नांवानें घेतला. शाळेच्या बक्षीससमारंभांत आम्हीं हें पुष्कळदां अनुभविलें आहे. परगांवाहून त्याच वर्षीं आलेला मुलगा पहिला आला, तर टाळ्या पडतात, त्या त्याच्या हुशारीस पडतात. पण बालवर्गापासून डोळ्यांदेखत वाढलेला मुलगा पुढें आला कीं, शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांचे चेहरे उजळतात. पहिल्या मुलावर यांत अन्याय होतो, हें आम्हांस कळतें.

अन्यायाचा विचार करावयाचा तर पैशाची बाजूही नीट पाहिली पाहिजे. विद्यापीठें ह्या खेळावर कोट्यवधि डॉलर मिळवीत. खेळाचे शिक्षक लठ्ठ वेतन घेत, आणि अधिक वेतन मिळेल तिकडे खुशाल जात. हातपाय मोडून घेणाऱ्या मुलास मात्र शिष्यवृत्तीपलीकडे कवडी नसे. २००५ चा विजेता रेजी बुश यानें नियमबाह्य लाभ घेतल्याचा ठपका आला, तेव्हां २०१० सालीं त्यास पुतळा परत करावा लागला. पुढें जुलै २०२१ पासून खेळाडूंस आपल्या नांवावर व छबीवर उघडपणें पैसे मिळविण्याची मोकळीक झाली, आणि २०२४ सालीं त्याचा पुतळा त्यास सन्मानपूर्वक परत देण्यांत आला. तेव्हां मुलें पैसे घेऊं लागलीं म्हणून हळहळणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. त्यांचा जुना जिव्हाळा खरा होता. पण त्याची किंमत तीं मुलेंच भरीत होतीं.

इतर कारणें किरकोळ आहेत. १९८४ च्या न्यायनिर्णयानंतर दूरचित्रवाणीवर सामने भरपूर दिसूं लागले, आणि घरोघरीं परीक्षक तयार झाले. प्रत्यक्ष मतें देतात ते सुमारें ८७० वृत्तलेखक आणि पूर्वींचे हयात विजेते. साऱ्या प्रेक्षकसमाजाचें मिळून मत एक! शिवाय २०२४ पासून बारा संघांची अंतिम स्पर्धा जानेवारीपर्यंत चालते, आणि श्रेष्ठ कोण तें मात्र डिसेंबरांतच ठरून जातें.

पण लोकांचीं मनें मुळींच हलत नाहींत, असें नव्हे. २०१९ चा विजेता जो बरो हाही एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यांत गेलेला. पुतळा स्वीकारतांना त्यानें आपल्या ओहायोच्या आग्नेय भागांतील दारिद्र्याची आठवण काढली. तेथील कित्येक मुलें उपाशीं घरीं परततात, असें तो सद्गदित होऊन बोलला. थोड्याच दिवसांत तेथील अन्नछत्राकडे पांच लाख डॉलरांहून अधिक देणग्या आल्या. लुइझियानाच्या विद्यापीठाचा पोशाख चढवून गाजलेला तो मुलगा त्या संध्याकाळीं पुन्हां आपल्या गांवचा झाला होता.

पहिला विजेता शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. धंदेवाईक संघांनीं १९३६ सालीं खेळाडू वांटून घेण्याची प्रथा पाडली, तेव्हां सर्वांत आधीं त्याचेंच नांव घेतलें गेलें. पण देऊं केलेला पगार त्यास पटला नाहीं, आणि तो तो खेळ पुढें खेळलाच नाहीं. पुतळा त्याच्या एका नातेवाईक बाईंच्या घरीं दाराला अडण म्हणून कितीएक वर्षें होता. शिकागो विद्यापीठानें १९३९ सालीं ह्या मोठ्या सामन्यांतून अंग काढून घेतलें. पुतळा मात्र तेथील क्रीडागृहांत ठेवलेला आहे.