सही करण्याआधी इंटर्नचे हात पाहा

प्रति,
लोणी आणि विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता,
तसेच जिल्हा शल्यचिकित्सक, अहिल्यानगर

महोदय,


अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी रुजू झाले, त्या पहिल्या महिन्यातली रात्र. बाळ जन्मले, पण रडेना. श्वास सुरू होत नसेल तर पहिल्या मिनिटातच अँबू बॅग लावायची, हे मला तोंडपाठ होते. इंटर्नशिपच्या लॉगबुकात त्या कौशल्यापुढे सहीही होती. पण बॅग मी कधी हातात धरलीच नव्हती. बॅगेचा मास्क बाळाच्या चेहऱ्यावर बसेना. सिस्टरांनी तो माझ्याकडून घेतला, बाळाची हनुवटी किंचित वर केली, आणि छाती हलू लागली. बाळ रडले. मग मी बाहेर ओट्यावर बसून रडले.

ती सही मला इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात मिळाली होती. एका दुपारी, सगळ्या पानांवर एकदम. वर्षभर मी रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवले, रिपोर्ट आणले, डिस्चार्ज कार्डे लिहिली.

इंटर्न नाराज का, असे विचारले की विद्यावेतन, ड्युटीचे तास आणि पीजीच्या परीक्षेचा विषय निघतो. ती कारणे खरीच आहेत. विद्यावेतन वेळेवर मिळायला हवे, रात्रपाळीच्या खोलीला आतून कडी हवी. तरीही त्या वर्षातला माझा सर्वांत समाधानाचा दिवस सर्वांत दमवणारा होता. लेबर रूममध्ये पहाटे शिकवणाऱ्या मॅडम शेजारी उभ्या राहिल्या, "टाका जरा खोल घे" म्हणाल्या, आणि चुकलेला टाका त्यांनी माझ्याकडूनच पुन्हा घालून घेतला. तो टाका मी आजही विसरलेले नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या इंटर्नशिप नियमांनी स्त्रीरोग व प्रसूतीला ७ आठवडे दिले, सामुदायिक वैद्यकशास्त्राला १२. आठवडे आहेत, पण त्या आठवड्यांत इंटर्नने कोणाकडे पाहून शिकायचे, ते ठरलेले नसते.

शिकवण्याची रीत शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. जामखेडला १९७० मध्ये काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी पुढे गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांतल्या कितीतरी जणींनी शाळा पाहिली नव्हती. दर आठवड्याला त्या जमत, गावात काय घडले ते सांगत आणि त्यावरूनच पुढचे शिकत.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी प्रत्येक इंटर्नला एक जबाबदार शिक्षक नेमून द्या. कौशल्य डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लॉगबुकावर सही नको, आणि सहीसोबत काय जमले, काय नाही, हे दोन ओळींत लिहा. नमुने पोचवायला कर्मचारी नेमा, आणि त्यातून वाचलेला वेळ दर आठवड्याला इंटर्नचे अनुभव ऐकण्यासाठी ठेवा.

त्या रात्री सिस्टर शेजारी होत्या, म्हणून बाळ वाचले. तुमचे इंटर्न उद्या जिथे रुजू होतील, तिथे त्या असतीलच असे नाही.

आपली,
एक ग्रामीण वैद्यकीय अधिकारी