माणिकगड, कॉर्बेट आणि लाडबोरीचं कडं

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. रात्री आठच्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्याच्या आभाळातून जळत्या रेघा सरकत गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास सुमारे 3 मीटर, वजन 40 किलोंच्या वर. आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. अभ्यासकांच्या मते हे फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या चिनी ‘लाँग मार्च’ रॉकेटचे अवशेष होते.

तो हल्ला नव्हता. पण वर अंतराळातल्या लष्करी डावपेचांशी खालच्या गावांचा काय संबंध, हा प्रश्न त्या रात्री जिल्ह्यात उतरला. याच जिल्ह्यातल्या कोरपन्याच्या वाचकासाठी हा लेख त्याच प्रश्नापासून सुरू होतो.

या वाचकाला किल्ल्याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. गडचांदूरजवळ माणिकगड उभाच आहे. उंची ज्याची, खालची वाट त्याची. अमेरिकी अभ्यासक एव्हरेट डोलमन यांनी पृथ्वीलगतच्या कक्षेकडे अशाच मोक्याच्या उंचीसारखं पाहिलं. अडचण एवढीच, की या गडावर ठाण मांडता येत नाही. 400 किलोमीटरवरचा उपग्रह साधारण दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो. कोरपन्यावर आलेला हा पहारेकरी काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो.

मग अंतराळातल्या डावपेचांचा विचार किल्ल्याच्या उपमेकडून समुद्राच्या उपमेकडे वळला. दुर्ग आणि आरमार हे वेगळे विषय आहेत, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ने मराठी मुलखाला केव्हाच शिकवलं होतं. ब्रिटिश अभ्यासक ज्युलियन कॉर्बेट यांनी 1911 मध्ये मांडलं, की समुद्र जमिनीसारखा काबीज करता येत नाही. झगडा असतो तो दळणवळणाच्या वाटांसाठी. जॉन क्लाइन यांनी 2006 मध्ये हेच सूत्र अंतराळाला लावलं. वाटांसाठीचा असा झगडा 24 फेब्रुवारी 2022 रोजी दिसला. रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसत असताना ‘व्हायासॅट’ कंपनीची उपग्रह-इंटरनेट सेवा कोलमडली, तीही उपग्रहाला धक्का न लावता. सायबर हल्ल्याने जमिनीवरचे मोडेम निकामी केले होते.

समुद्राची उपमाही एका जागी अडते. बुडवलेलं गलबत तळाशी जातं. फोडलेल्या उपग्रहाचे तुकडे फिरत राहतात. चीनने 2007 मध्ये आपलाच एक जुना हवामान उपग्रह उडवला, तेव्हा नोंद घेण्याजोगे 3000 हून अधिक तुकडे झाले. भारताने 27 मार्च 2019 च्या ‘मिशन शक्ती’साठी जेमतेम 300 किलोमीटरवरचं लक्ष्य निवडलं, ते तुकडे लवकर खाली येऊन जळावेत म्हणून. तरी काही वर उडालेच.

लाडबोरीचं कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात जमा झालं. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने जमिनीवर नुकसान केलं, तर ती सोडणारा देश भरपाईला बांधील असतो, त्याची चूक असो वा नसो. मात्र दावा देशाने देशाकडे करायचा असतो. लाडबोरीतलं एखादं छप्पर त्या रात्री कोसळलं असतं, तर त्याचा अर्ज दिल्लीमार्गे बीजिंगला गेला असता.