तिरका शिक्का

शासकीय कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या पीडीएफच्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ‘सत्यप्रत’ किंवा तत्सम करडी अक्षरे तिरकी पसरलेली आपण अनेकदा पाहतो. रबरी शिक्क्याची जागा संगणकाच्या आज्ञावलीने घेतली. शिक्क्यावरील आपली श्रद्धा मात्र अढळ राहिली. ही श्रद्धा निराधार तर आहेच, शिवाय ती नागरिकाला अपायकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीडीएफमध्ये अक्षरे फिरवणे म्हणजे सहा आकडे लिहिणे. कोनाचे कोसाइन, साइन, उणे साइन, पुन्हा कोसाइन आणि अक्षरे जिथून सुरू व्हायची त्या बिंदूचे दोन निर्देशांक. ए-४ पान सुमारे ५९५ बाय ८४२ पॉइंटांचे असते आणि मोजणी सामान्यतः खालच्या डाव्या कोपऱ्यापासून होते. एवढे ठाऊक असलेला महाविद्यालयीन विद्यार्थी दहा-पंधरा ओळींत हजार पानांवर ‘सत्यप्रत’ उमटवू शकतो. रबरी शिक्का निदान कुणाच्या तरी ताब्यात, कुलपात असे. या शिक्क्याला ना कुलूप, ना ताबेदार. मग तो सिद्ध काय करतो?

सत्यतेची व्यवस्था कायद्याने केव्हाच करून ठेवली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला हस्ताक्षराची मान्यता दिली. डिजिटल स्वाक्षरी संपूर्ण मजकुराशी गणिताने बांधलेली असते. नंतर एक अक्षर बदलले तरी पडताळणीत ते उघड होते. दुर्दैव असे, की स्वाक्षरी झालेला आदेश उघडून त्यावर शिक्का मारून फाईल पुन्हा जतन केली जाते आणि खरी स्वाक्षरी त्यातच निकामी होते. म्हणजे खोटा पुरावा चढवण्यासाठी आपण खरा पुरावा पुसतो! शिक्का हवाच असेल तर तो आधी, स्वाक्षरी नंतर, हा क्रम अनिवार्य असावा.

दुसरा अपाय दृष्टिहीन वाचकांना. स्क्रीन रीडर मजकूर वाचत असताना मध्येच शिक्क्याचे शब्द घुसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. बोपण्णा यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२२ मधील निकालात, अयोग्य जागी टाकलेल्या वॉटरमार्कमुळे निकालपत्रे अशा वाचकांना दुर्गम होतात, हे नमूद केले आहे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ माहिती सुगम स्वरूपात देण्याची जबाबदारी शासनावरच टाकते. शिक्क्याला ‘आर्टिफॅक्ट’ अशी खूण केली, तर वाचक-प्रणाली तो वगळू शकते. हे काम एका ओळीचे आहे. पण निविदेत ती अट लिहिणार कोण?

आणि आपल्या लिपीचे काय? जोडाक्षरांची व वेलांट्यांची मांडणी न जाणणारी आज्ञावली ‘प्रमाणित’मधील वेलांटी ‘ण’च्या आधी न काढता नंतर काढते. त्यावर उपाय म्हणून शिक्का इंग्रजीत टाकला जातो. प्रादेशिक भाषेत कारभार करण्याचा संकल्प असा आळसापुढे हार मानतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे : लोकांना शिक्काच लागतो. परराज्यात राहणाऱ्या वाचकांना हा अनुभव असेल. गावाकडून आलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा दाखवला, तरी समोरचा लिपिक विचारतो, शिक्का कुठे आहे? आक्षेप खरा आहे, पण त्यातील दोष नागरिकाचा नाही. पडताळणी कशी करावी हे त्या लिपिकाला कोणी शिकवलेच नाही, आणि ते शिकवणे हे आपले काम होते.

म्हणून आग्रह एवढाच : मजकुरावरचा तिरका शिक्का बंद करा. समासात आडव्या अक्षरांत दिनांक, आदेश क्रमांक व पडताळणीचा पत्ता छापा, आणि मग स्वाक्षरी करा. ज्याच्या नावे कागद निघतो त्याला तो निदान वाचता तरी आला पाहिजे.