च ची भाषा कळते का?

मैत्रिणींनो, ‘चलातु चयका चवंह?’ वाचताना अडखळलात, की ओठांवर लगेच हसू आलं? हसू आलं असेल तर तुम्ही आमच्यातल्याच! ‘तुला काय हवं?’ एवढंच विचारलंय, पण च च्या भाषेत.

आमच्या आसेगावात शाळा सुटली की मुलींचा घोळका ही भाषा बोलत घरी निघतो. ओट्यावर तूर निवडत बसलेल्या बाया कान टवकारतात. ‘काय बोलून राहिल्या वो या पोट्ट्या? काहीतरी लपवून राहिल्या असतील!’ मग ‘नीट बोल’ म्हणून दटावणी सुरू. मला वाटतं, दटावण्याआधी या भाषेकडे जरा बघावं तरी.

नियम सोपा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं आणि पुढे ‘च’ लावायचा. पाणी म्हणजे चणीपा, शाळा म्हणजे चळाशा, आसेगाव म्हणजे चसेगावआ! अक्षर उचलताना त्याची काना-वेलांटी सोबतच जाते. ‘प्रश्न’ म्हटलं तर अख्खा ‘प्र’ उचलून चश्नप्र होतो. कोणतीही मुलगी त्यातला प आणि र वेगळा करत नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. व्याकरणाच्या तासाला जांभया देणारी पोरगी इथे दर शब्दाला अक्षर तोडते, फिरवते, जोडते, तेही धावत्या गाडीच्या वेगानं. आणि ‘शाळेत’चं चळेतशा झालं तरी ‘त’ हा प्रत्यय जागेवरच असतो. लिंग, वचन, वाक्याचा क्रम सगळं मराठीच. म्हणजे नवी भाषा नव्हे, आपल्याच भाषेनं घेतलेला बुरखा!

असा बुरखा काही पोरींनीच घेतला नाही. जुन्या व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन. गिऱ्हाइकासमोर भाव ठरायचा आणि गिऱ्हाइकाला पत्ता नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे होत आले. पण गंमत बघा, पुरुषांनी केलं की ती धंद्यातली हुशारी, आणि पोरींनी केलं की कुलंगडी!

जगात एकानं तर अख्खी भाषाच घडवली. डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सात एस्परांतो ही भाषा प्रसिद्ध केली. हेतू लपवण्याचा नव्हता, उलट वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना एकमेकांशी सहज बोलता यावं हा होता. नाम ‘ओ’नं संपतं, विशेषण ‘आ’नं, अपवादांची कटकट नाही. वडील म्हणजे ‘पात्रो’. आणि आई? ‘पात्रिनो’! वडिलांच्या शब्दाला शेपूट जोडलं की आई तयार. एवढी नवी कोरी भाषा, पण आईला स्वतःचा शब्द काही मिळाला नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडेही काही गोष्टींना उघड शब्द मिळालेले नाहीत. कावळा शिवला, अडचण आहे, बाजूला बसली... पाळी हा साधा शब्द टाळायला आपण किती शब्द घडवले! बायकांचीही ती च ची भाषाच की. फरक इतकाच, पोरी मजेनं बोलतात आणि आपण लाजेनं.

आमच्या शेजारच्या एका सातवीतल्या मुलीचं सांगते. ‘चटपो चखतंदु’, पोट दुखतं, असं ती तीन महिने मैत्रिणीला सांगत होती. रक्त फार जातं, हेही याच भाषेत. मैत्रिणीला कळत होतं, पण तीही तेवढीच लहान, ती काय करणार? घरी कुणाला काही माहीत नाही. एक दिवस प्रार्थनेच्या वेळी पोरगी चक्कर येऊन पडली. तपासलं तर अंगात रक्त कमी. गोळ्या सुरू झाल्या, आता ती बरी आहे. आई मात्र सारखी म्हणते, ‘मले काऊन नाही सांगतलं बाप्पा?’

तिच्याकडे घरात सांगायला शब्दच नव्हता, म्हणून. आणि ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी सुमारे ५९ जणींत रक्ताची कमतरता आढळली.

गुपित राखतं, तसं ते कोंडतंही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर बघा. महानुभावांचं लीळाचरित्र तिथलं, आणि मराठीतली आद्य कवयित्री महदंबाही त्याच परंपरेतली. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये ठेवले. ग्रंथ जपले गेले, पण बाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतकं त्यांचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती अक्षरं उलगडली, तेव्हा हा खजिना सगळ्यांसमोर आला. महदंबेचे धवळेसुद्धा असेच कुलपात होते!

म्हणून मैत्रिणींनो, पोरींची च ची भाषा बंद करू नका. त्यांना त्यांचा कोपरा हवाच, तो आपल्यालाही हवा होता. उलट एखाद्या संध्याकाळी त्यांच्याकडून पुन्हा शिकून घ्या, हसा, चुका. पण त्याच बैठकीत पाळी, रक्त, अंगावरून पांढरं जाणं, कुणी नको तिथे हात लावणं हे शब्द स्वच्छ मराठीत तुम्ही आधी उच्चारा. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते, ती खाल्ली का, हे विचारा. आशाताईंसमोर ‘अडचण’ न म्हणता नेमकं काय होतं ते सांगा, पोरगी शेजारी बसलेली असतानाच सांगा. आपण बोललो की ती बोलेल.

गुपितं खुशाल च च्या भाषेत असू द्या. दुखणं मात्र सरळ भाषेत, आणि आईच्या कानापर्यंत पोचलंच पाहिजे.