उमेदवार शिक्षकांचे विद्यावेतन

भावी शिक्षकाने विद्यावेतन घेऊन वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली वर्गातच उमेदवारी करावी, ही अमेरिकेत बॉस्टन शहराने २००३ साली अंगीकारलेली पद्धत आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु तिचा निर्वाह अनुदानांवर सोपविणे म्हणजे विहीर न खणता पावसाची वाट पाहणे होय. २००८ च्या कायद्याने मध्यवर्ती सरकारने अशा योजनांस अनुदानाची वाट मोकळी केली. त्याच सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत, ऐन शालेय वर्षात, अनेक अनुदाने रद्द केली! पैसा नाही, ही सबब फोल आहे. तयारीविना वर्गात ढकललेले शिक्षक लवकर नोकरी सोडतात, आणि त्यांच्या जागा भरण्यात शाळांचा पैसा दरसाल जातोच. तोच विद्यावेतनाकडे वळवून शाळांच्या वार्षिक अंदाजपत्रकात पगाराशेजारी कायमचा मांडावा. दात्याच्या लहरीवर शिक्षक घडत नसतात.